पहिली पाच वर्षे: शस्त्रक्रिया, संशोधन आणि अध्यापन एकत्र उभे करताना

प्रशिक्षण संपवून अध्यापन रुग्णालयात रुजू झालेल्या सर्जनकडून पहिल्याच महिन्यात चार अपेक्षा सुरू होतात: रुग्ण बघायचे, ऑपरेशन करायचे, रेसिडेंटना (प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना) शिकवायचे आणि पेपर लिहायचे. पाचवी अपेक्षा, म्हणजे विभागाची कामे, कोणी बोलून दाखवत नाही, पण तीही टेबलावर येऊन पडतेच. यातले ऑपरेशन तुम्हाला येते. बाकीचे कसे करायचे हे बहुतेकांना कोणी पद्धतशीर शिकवलेले नसते. मग समोर येईल ते काम अंगावर घेण्यात दोन-तीन वर्षे निघून जातात. नावावर बरेच सुटे सुटे पेपर जमतात, पण कुठल्याही एका विषयात 'यांना विचारा' असे आपल्याबद्दल कोणी म्हणत नाही.

माझे सांगणे एवढेच आहे: स्वतःच्या ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) एक प्रश्न उचला, आणि नोंदी, शिक्षण, वेळ, माणसे, निधी हे सगळे त्या प्रश्नाभोवती जमवा. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, याला फार महत्त्व आहे, म्हणून टप्प्याटप्प्याने लिहितो.

टप्पा १: नेमणूक स्वीकारण्यापूर्वी

मुलाखतीत पद आणि पगार यांवरच बोलणे होते. त्याहून जास्त परिणाम करणाऱ्या गोष्टी विचारायच्या राहून जातात. संशोधनासाठी आठवड्यातला किती वेळ राखीव आहे, आणि तो कोणत्या वारी? त्या दिवशी इमर्जन्सी ड्यूटी लागणार का? स्वतःचा ओटीचा दिवस मिळणार, की सीनियरांच्या यादीच्या शेवटी जागा उरेल तेव्हा केस घ्यायची? संस्थेत संख्याशास्त्रज्ञ आहे का, आणि त्याची भेट मिळायला किती आठवडे लागतात? एथिक्स कमिटी (संशोधनाला मंजुरी देणारी नीतिसमिती) किती दिवसांनी बसते?

तोंडी मिळालेली उत्तरे सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाहीत. बोलणे झाले की विभागप्रमुखांना एक साधा, आदराचा ईमेल लिहा: 'सर, आपल्या कालच्या बोलण्यानुसार दर गुरुवार माझ्या संशोधनासाठी राखीव राहील असे मी धरून चालतो. यात काही बदल असल्यास कृपया कळवावे.' उत्तर आले की लेखी नोंद झाली. यात संकोच वाटायचे कारण नाही. पुढे प्रमुख बदलले तरी तो ईमेल तुमच्याकडे राहतो.

आणखी एक करा. त्या विभागात तीन-चार वर्षांपूर्वी रुजू झालेल्या दोघांना वेगवेगळे भेटा आणि एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात तुमचा राखीव दिवस प्रत्यक्षात किती वेळा मिळाला? विभागाबद्दलची खरी माहिती या उत्तरात असते.

टप्पा २: हात बसू द्या, नोंद मात्र पहिल्या दिवसापासून

पहिले वर्ष-दीड वर्ष तुमची ओळख ऑपरेशनवरून ठरते. ज्या सर्जनच्या हाताबद्दल भूलतज्ज्ञ आणि नर्सेस साशंक असतात, त्याच्या संशोधनाकडे विभागात कोणी लक्ष देत नाही, आणि ते योग्यच आहे. या काळात केसेस नीट निवडा. अवघड केसला सीनियरांना बोलवा, आणि टेबलावर अडचण आल्यावर न बोलावता आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पेपरांची घाई करू नका.

एक गोष्ट मात्र पहिल्या ऑपरेशनपासून सुरू झाली पाहिजे: स्वतःच्या निकालांची नोंदवही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी आग्रह धरला की प्रत्येक रुग्णाचा शेवटचा निकाल काय झाला हे रुग्णालयाने शोधून काढावे आणि जाहीर करावे. सहकाऱ्यांना ते रुचले नाही. त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमधल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी इतक्या उघडपणे स्वतःचा हिशेब मांडणारे सर्जन आजही थोडेच आहेत.

तुमची नोंदवही संस्थेच्या सुरक्षित प्रणालीत ठेवा, खासगी लॅपटॉपवर किंवा फोनमध्ये नको. रुग्णाची ओळख आणि वैद्यकीय माहिती वेगवेगळी असू द्या. रकाने कमी ठेवा, म्हणजे भरले जातील. वय, सहव्याधी, निदान, ऑपरेशन, तातडीचे की ठरवून केलेले, मुख्य सर्जन कोण आणि कोणते टप्पे रेसिडेंटने केले, वेळ, रक्तस्राव, गुंतागुंत, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भरती, ३० आणि ९० दिवसांची स्थिती. एवढे पुरे. गुंतागुंतीसाठी 'किरकोळ' आणि 'गंभीर' असे शब्द वापरू नका, कारण प्रत्येकाचे किरकोळ वेगळे असते. क्लाव्हिएन-डिंडो वर्गीकरण वापरा. २००४ साली मांडलेल्या या पद्धतीत गुंतागुंतीची श्रेणी तिच्यावर काय उपचार करावे लागले यावरून ठरते: वेगळ्या औषधांची किंवा रक्ताची गरज पडली तर दुसरी, पुन्हा ऑपरेशन, एंडोस्कोपी किंवा रेडिओलॉजीच्या मदतीने काही करावे लागले तर तिसरी, जीव धोक्यात येऊन आयसीयू लागला तर चौथी, मृत्यू म्हणजे पाचवी.

ही वही विनम्रही ठेवते. समजा, तुम्ही आतड्याच्या ६० जोडण्या केल्या आणि एकही गळली नाही. 'माझे गळतीचे प्रमाण शून्य' असे म्हणण्याचा मोह होतो. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे: घटना एकदाही घडली नसेल, तर तीन भागिले एकूण केसेस ही खऱ्या प्रमाणाची अंदाजे वरची मर्यादा, ९५ टक्के विश्वासाने. तीन भागिले साठ म्हणजे पाच टक्के. म्हणजे साठ निर्दोष जोडण्यांनंतरही तुमचे खरे प्रमाण वीसात एक असू शकते. हे गणित ज्याने स्वतःच्या आकड्यांवर एकदा करून पाहिले, तो परिषदेच्या व्यासपीठावर 'शंभर टक्के यश' असे शब्द पुन्हा सहजी उच्चारत नाही.

टप्पा ३: प्रश्न

इथे थोडे रेंगाळतो, कारण बाकीचे सगळे यावर उभे आहे.

चांगला प्रश्न सहसा खटकण्यातून येतो. राउंडवर एकच गोष्ट तिसऱ्यांदा दिसते. दोन युनिट्स एकाच परिस्थितीत उलट वागतात आणि दोघांनाही खात्री असते. एखादी पद्धत का करायची, असे रेसिडेंट विचारतो आणि 'आपल्याकडे असेच करतात' यापलीकडे उत्तर सुचत नाही. अशी खटकलेली वाक्ये एका जागी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी यादी वाचा आणि जे वाक्य वेगवेगळ्या रूपांत परत परत आले असेल, त्यावर थांबा.

असा प्रश्न किती दूर नेऊ शकतो याचे उदाहरण बर्नार्ड फिशर यांचे आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी विल्यम हॉल्स्टेड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली शस्त्रक्रिया, ज्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढत, अनेक दशके निर्विवाद मानली जात होती. इतके काढणे खरोखर लागते का, असे फिशर यांनी विचारले आणि उत्तरासाठी १९७१ साली बी-०४ ही चाचणी सुरू केली. १,६०० हून अधिक स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. २००२ साली २५ वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल आले: कमी काढलेल्या स्त्रिया जगण्याच्या बाबतीत मागे पडल्या नव्हत्या. ज्या शस्त्रक्रियेवर एका पिढीचे कौशल्य घडले होते तिलाच प्रश्न विचारणे सोपे नव्हते.

तुमचा पहिला प्रश्न एवढा मोठा नसावा. तो उत्तर देता येण्याजोगा असावा. हा फरक एका उदाहरणाने पाहू.

'स्टोमाच्या (आतडे बाहेर काढण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राच्या) रुग्णांचे निकाल' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. थोडे पुढे जाऊ: 'इलिओस्टोमीचे, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमाचे, रुग्ण पुन्हा का भरती होतात?' हे बरे, पण अजून सैल आहे. इलिओस्टोमीनंतर शरीरातले पाणी कमी होणे हे पुन्हा भरतीचे नेहमीचे कारण आहे, हे ठाऊकच आहे. तेव्हा आणखी नेमके करू: 'नवीन इलिओस्टोमी झालेल्या प्रौढ रुग्णांना घरी जाताना स्टोमाचे आणि लघवीचे रोजचे माप लिहिण्याची वही दिली आणि ठरावीक दिवशी नर्सने फोन केला, तर नेहमीच्या काळजीच्या तुलनेत ३० दिवसांत पाणी कमी झाल्यामुळे होणारी भरती घटते का?' आता रुग्ण कोण, काय करायचे, तुलना कशाशी, काय मोजायचे आणि किती दिवस, हे सगळे एका वाक्यात आले. या वाक्यातूनही पुढचे प्रश्न निघतात. 'पाणी कमी झाले' हे ठरवायचे कसे: रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) किती वाढले तर? स्टोमाचे माप जास्त म्हणायची रेषा दिवसाला १५०० मिली की २०००? फोन उचलला नाही तर किती वेळा करायचा? हे पहिला रुग्ण येण्याआधी लिहून ठेवायचे असते. निकाल पाहून व्याख्या ठरवली की तो अभ्यास कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

प्रश्न निवडल्यावर स्वतःला तीन गोष्टी विचारा. उत्तर 'हो' आले काय किंवा 'नाही' आले काय, कोणाची तरी वागण्याची पद्धत बदलेल का? यातून पुढचे दोन प्रश्न निघतात का, की इथेच रस्ता संपतो? आणि रात्री उशिरा ऑपरेशन संपवून आल्यावरही यावरचा नवा पेपर वाचावासा वाटेल का? तिसऱ्या प्रश्नाला लोक कमी महत्त्व देतात. माझ्या मते पाच वर्षे टिकण्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

नव्या तंत्राचा मोह अनेकांना होतो. नवी उपकरणे येतात, कंपनी प्रशिक्षण देते, आणि पहिल्या वीस केसेस छापाव्याशा वाटतात. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया १९९० च्या सुमारास झपाट्याने पसरली, तेव्हा सुरुवातीच्या काळात पित्तनलिकेच्या दुखापती वाढल्या होत्या, हे विसरू नये. २००९ साली मांडलेली आयडियल ही चौकट नवी शस्त्रक्रिया कल्पनेपासून दीर्घकालीन अभ्यासापर्यंत कोणत्या टप्प्यांनी तपासावी हे सांगते. नवे काही सुरू करणार असाल तर ती आधी वाचा, आणि 'हे आम्ही नव्याने करत आहोत, आमच्या इतक्या केसेस झाल्या आहेत' हे रुग्णाला संमतीच्या वेळी स्पष्ट सांगा.

टप्पा ४: पद्धत शिका, आणि संख्याशास्त्रज्ञाकडे आधी जा

शल्य प्रशिक्षणात संशोधनाची पद्धत ओझरती भेटते. तिच्यासाठी एक-दोन वर्षे वेगळी काढता आली, साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्यसेवा संशोधन किंवा वैद्यकीय शिक्षण यांतली पदवी घेता आली, तर घ्या. जमणार नसेल तर नोकरी सांभाळून होणारा अभ्यासक्रम पाहा. काय शिकायचे हे प्रश्नावरून ठरवा. रुग्णांच्या अनुभवावर प्रश्न असेल तर मुलाखती घेण्याची आणि त्यांचे विश्लेषण करण्याची गुणात्मक पद्धत लागेल, आणि प्रयोगशाळेतला प्रश्न असेल तर तिथे पूर्णवेळ बसावे लागेल. आठवड्यातून एक दुपार पेशी वाढवून मूलभूत संशोधन होत नाही, हे स्वतःला प्रामाणिकपणे सांगा.

संख्याशास्त्रज्ञाकडे डेटा गोळा झाल्यावर जाणे ही सर्वत्र दिसणारी सवय आहे. तेव्हा तो फक्त काय चुकले ते सांगू शकतो. आधी गेलात तर काय होते, ते वरच्याच उदाहरणात पाहा. पाणी कमी झाल्यामुळे पुन्हा भरती होण्याचे प्रमाण तुमच्याकडे २० टक्के आहे आणि ते १० टक्क्यांवर येईल अशी आशा आहे, असे धरू. नेहमीच्या मापदंडांनी, म्हणजे ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चुकीची मुभा (फरक नसताना तो दिसण्याची) धरून, प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. दोन्ही मिळून ४००. वर्षाला ४० नव्या इलिओस्टोमी होत असतील तर एका रुग्णालयात हा अभ्यास दहा वर्षे चालेल. मग एकतर वेगळे काही मोजा, नाहीतर आणखी रुग्णालये सोबत घ्या.

आणखी रुग्णालये घेणे वाटते तितके अवघड राहिलेले नाही. रेसिडेंट आणि विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेले सहकारी अभ्यास गेल्या दशकात फार वाढले आहेत. कोविडसर्ज गटाने ऑक्टोबर २०२० मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून अधिक रुग्णांचा डेटा एकत्र केला, आणि कोविडनंतर शक्य असेल तिथे किमान सात आठवडे थांबून ऑपरेशन करावे हा सल्ला त्यातून निघाला. अशा गटात एका रुग्णालयाचे काम सांभाळणे हे नवख्यासाठी उत्तम शिक्षण आहे. प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) कसा लिहितात, डेटा कसा तपासतात, उशीर करणाऱ्या केंद्रांना कसे हलवतात, हे सगळे आतून दिसते.

टप्पा ५: माणसे

'मेंटर शोधा' हा सल्ला सगळे देतात. सगळे देऊ शकेल असा एकच माणूस सापडत नाही आणि तो शोधण्यात वर्षे जातात, हे मात्र सांगत नाहीत. कामे वेगवेगळ्या माणसांत वाटा. हाताचे शिकवणारे सीनियर एक. संशोधनाची पद्धत शिकवणारे दुसरे, ते सर्जन नसले तरी चालतील, बहुधा नसतातच. तिसरे असे, जे तुमच्या गैरहजेरीत बैठकीत तुमचे नाव सुचवतील. आणि तुमच्याच वयाचे, दुसऱ्या संस्थेतले एक-दोघे, ज्यांच्यापुढे अर्धवट मसुदा ठेवायला लाज वाटणार नाही.

वरिष्ठांकडे जाताना तयारीने जा. एका पानावर लिहा: मागच्या भेटीनंतर काय केले, कुठे अडले, आज कोणता निर्णय हवा आहे. ते पान आदल्या दिवशी पाठवा. 'सर, थोडे मार्गदर्शन हवे होते' म्हणून रिकाम्या हाताने गेलेल्याला गप्पा मिळतात. 'सर, हे दोन पर्याय आहेत, मला दुसरा बरोबर वाटतो, आपले मत हवे' म्हणणाऱ्याला उत्तर मिळते.

काही वेळा वरिष्ठ तुमचे काम स्वतःच्या नावावर घेतात, पहिल्या लेखकाची जागा मागतात, किंवा तुमचा प्रश्न दुसऱ्याला देतात. लेखकांचा क्रम कामाच्या सुरुवातीलाच बोलून ईमेलने पक्का केला तर बरेचसे वाद टळतात. तरीही असे वारंवार घडत असेल, तर त्या व्यक्तीशी आदर ठेवून पण अंतर राखून वागा आणि पुढचा प्रकल्प दुसऱ्यांसोबत उभा करा. सहन करत राहणे हा गुण मानू नका.

टप्पा ६: आठवडा

राखीव दिवस कागदावर असतो. तो खाल्ला जातो तुकड्यांनी: एक बैठक, एक 'फक्त दहा मिनिटांची' केस, एक परीक्षा. त्या दिवशी शक्यतो विभागाच्या इमारतीत बसू नका. ग्रंथालय, संशोधन विभाग, कुठेही बसा. फोन रेसिडेंटकडे नको, त्या दिवशीच्या सहकारी सर्जनकडे वळवा, आणि त्यांच्या राखीव दिवशी त्यांचे रुग्ण तुम्ही बघा. ही देवाणघेवाण दोघांत ठरली की विभागप्रमुखांनाही मोडावीशी वाटत नाही.

लिहिण्यासाठी मोठा मोकळा वेळ मिळण्याची वाट पाहू नका. सर्जनच्या आयुष्यात तो येत नाही. पद्धतीचा भाग प्रोटोकॉलमधूनच लिहून होतो. दोन केसेसच्या मध्ये तक्त्याचे मथळे लिहून होतात. राखीव दिवसाची सकाळ मात्र चर्चा लिहिण्यासाठी ठेवा, कारण तिथे सलग विचार लागतो. रात्रभर इमर्जन्सी झाली असेल तर दुसऱ्या दिवशी लिहू नका, झोपा.

नकार द्यायला शिकणे भाग आहे. समिती, स्मरणिका, परिसंवादाचे संयोजन यांपैकी जे तुमच्या प्रश्नाच्या किंवा रुग्णांच्या जवळचे आहे ते घ्या. बाकीच्यांना 'या वर्षी माझ्याकडे एक अभ्यास चालू आहे, तो संपेपर्यंत मी याला न्याय देऊ शकणार नाही' असे सांगा. इथे एक अन्याय्य प्रकार दिसतो, तो नोंदवायलाच हवा: विभागातली न दिसणारी कामे बहुतेकदा स्त्री सर्जनच्या वाट्याला येतात आणि पदोन्नतीत ती मोजली जात नाहीत. तुम्ही त्यांचे सहकारी असाल तर बैठकीत कामांची वाटणी लेखी मागा.

टप्पा ७: मंजुरी, लेखन, प्रकाशन

एथिक्स कमिटीची मंजुरी डेटाला हात लावण्यापूर्वी. मागील नोंदींचा अभ्यास असला तरीही कमिटीला विचारा, सूट द्यायची की नाही हे तिने ठरवायचे असते. रुग्णांना उपचारांच्या गटांत वाटणारी कोणतीही चाचणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सार्वजनिक नोंदणीत गेली पाहिजे. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सदस्य जर्नल्सनी २००५ पासून ही अट लावली आहे.

लेखक कोण, याबद्दलही याच समितीच्या चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कल्पना, आराखडा, डेटा किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात विचारपूर्वक बदल करणे, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणे यात बसत नाही. रुग्ण आणून दिले एवढ्यावर लेखक होता येत नाही, त्यांचे आभार मानावेत.

मसुदा सुरू करताना त्या प्रकारच्या अभ्यासाची तपासणी-यादी समोर ठेवा: यादृच्छिक चाचणीला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, पद्धतशीर आढाव्याला प्रिझ्मा. संपादक हीच यादी पुढे मागणार असतो. जर्नल निवडताना तुम्ही स्वतः वाचता आणि उद्धृत करता ती जर्नल्स आधी पाहा. ईमेलमधून आमंत्रण देणारी, आठवड्यात छापण्याची हमी देणारी आणि पैसे मागणारी जर्नल्स टाळा. तिथे छापलेला एक पेपर पुढच्या निवड समितीसमोर सगळ्या यादीबद्दल शंका उभी करतो.

नकार येतात, सगळ्यांना येतात. रिव्ह्यूअरचे (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचे) पत्र पहिल्यांदा वाचा आणि दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर लिहा: काय बदलले, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत. एखाद्या मुद्द्याशी सहमत नसाल तर कारण आणि पुरावा द्या, नम्रपणे. रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला असेल तरी तो तुमच्या वाक्यामुळे झाला असे धरून वाक्य बदला. दुसऱ्या वाचकाचाही तोच गैरसमज होणार असतो.

टप्पा ८: निधी

छोट्यापासून सुरुवात करा. संस्थेचा अंतर्गत निधी, संघटनेचे नवोदितांसाठीचे अनुदान, मग राष्ट्रीय संस्था. छोट्या निधीतून एकच गोष्ट सिद्ध करायची असते: हे काम तुमच्या हातून होऊ शकते. किती रुग्णांनी संमती दिली, किती जण पाठपुराव्यात टिकले, फोन किती जणांनी उचलला. मोठ्या अर्जाचे परीक्षक हेच आकडे शोधतात. अर्जाचे पहिले पान, ज्यात उद्दिष्टे असतात, ते तीन महिने आधी लिहा आणि सर्जन नसलेल्या कोणालातरी वाचायला द्या. त्यांना कळले नाही तर समितीतल्या निम्म्यांना कळणार नाही.

टप्पा ९: शिकवणे हेही काम आहे

ऑपरेशन करता करता बोलत राहणे म्हणजे शिकवणे, असा समज आहे. रेसिडेंटपर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते. एक सोपी तीन भागांची पद्धत आहे आणि तिला वेगळा वेळ लागत नाही. हात धुताना विचारा: 'आज तुला नेमके काय शिकायचे आहे?' तो म्हणेल, 'सर, हर्नियाची पिशवी कॉर्डपासून (वृषणाकडे जाणाऱ्या रज्जूपासून) सोडवणे.' तुम्ही म्हणा, 'ठीक, तो टप्पा तू कर. कॉर्डच्या रक्तवाहिन्या कुठे आहेत हे बोट लावून मला दाखवल्याशिवाय कापायचे नाही.' मग ऑपरेशनमध्ये त्या एका टप्प्यावरच बोला, बाकी हाताने दाखवा. त्वचेचे टाके घालताना त्याला आधी बोलू द्या: काय जमले, कुठे अडले, पुढच्या वेळी काय वेगळे करशील. शेवटी तुमची एक सूचना, एकच.

रुग्णाच्या दृष्टीनेही हे सुरक्षित आहे, कारण कोण काय करणार हे आधी ठरलेले असते. अध्यापनाच्या नोंदीही ठेवा: कोणाला काय शिकवले, कोणाच्या थिसिसला मार्गदर्शन केले, विद्यार्थ्यांचे अभिप्राय. पदोन्नतीच्या वेळी हे आठवून लिहिणे अशक्य असते.

टप्पा १०: गुंतागुंत होते तेव्हा

रुग्ण दगावला किंवा तुमच्या हातून दुखापत झाली, तर आधी रुग्ण आणि कुटुंब. स्वतः जा, बसून बोला, काय झाले ते स्पष्ट सांगा, पुन्हा कधी भेटाल हेही सांगा. रेसिडेंटला पाठवू नका. त्यानंतर त्याच दिवशी एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी बोला. मृत्यू आणि गुंतागुंतीच्या बैठकीत केस स्वतः मांडा. झोप लागत नसेल, पुढच्या ओटीच्या आधी हात थरथरत असतील, आणि हे आठवडाभर कमी होत नसेल, तर मानसोपचाराची मदत घ्या. ते सुरक्षित ऑपरेशन करत राहण्यासाठीच आहे.

शरीराकडेही बघा. मान आणि पाठ हे सर्जनचे नेहमीचे दुखणे आहे. टेबलाची उंची आणि मॉनिटरची जागा पहिल्या छेदापूर्वी स्वतःसाठी बदलून घ्या, सीनियर उंच आहेत म्हणून तसेच वाकून उभे राहू नका.

टप्पा ११: दरवर्षी एकदा हिशेब, आणि निघायची वेळ

वर्षातून एकदा नोंदवही, पेपर, निधी आणि शिकवलेले विद्यार्थी समोर ठेवून पाहा. पहिल्या वर्षाअखेर निकाल स्थिर असावेत, प्रश्न एका वाक्यात लिहिता यावा आणि संमत प्रोटोकॉल हातात असावा. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच प्रश्नावरचे दोन-तीन पेपर आणि एक छोटा निधी. पाचव्यापर्यंत मोठ्या निधीचा अर्ज, आणि तुमच्या प्रश्नावर काम करू इच्छिणारा किमान एक रेसिडेंट. हे आकडे ढोबळ आहेत. बाळंतपण, आजारपण, घरची जबाबदारी यांत एखादे वर्ष गेले तर वेळापत्रक तेवढे पुढे ढकला आणि कोणाशी तुलना करू नका.

तिसऱ्या वर्षीही राखीव दिवस मिळत नसेल, स्वतःचा ओटीचा दिवस नसेल, आणि दोनदा लेखी विचारूनही उत्तर नसेल, तर दुसरीकडे बघायला सुरुवात करा. निघण्याआधी तीन कामे पुरी करा. चालू अभ्यासाची जबाबदारी कोणाकडे जाणार हे एथिक्स कमिटीला लेखी कळवा. पाठपुराव्यातल्या रुग्णांना पुढे कोण बघणार हे प्रत्येकाला सांगा. आणि डेटा संस्थेचा असतो हे लक्षात ठेवून, कोणता भाग कोणत्या कराराने सोबत नेता येईल हे राजीनामा देण्यापूर्वी संशोधन कार्यालयाशी ठरवून घ्या, नंतर नव्हे.